लाल फुलपाखराचं पत्रक

अन्याय झाला तो सुगंधावर. गेल्या वर्षी गौरी आणायच्या आदल्या दिवशी, सकाळी पावणेअकराला, पूर्णगडच्या रस्त्यावरच्या एका एसटी थांब्यावर. तिथे एक नारळवाला होता, सणाचं सामान घेऊन निघालेल्या पाच-सहा बायका होत्या. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. एका बाईनं दुसरीला हसत हसत चार वाक्यं सांगितली आणि ती एसटीत बसून निघून गेली. ती चार वाक्यं बोलणारी मी.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'कामातले गमतीदार अनुभव' मागितले होते. गमती आहेत, त्याही सांगते. पण पत्रकं लिहून लिहून मला एक खोड लागली आहे. अन्याय कोणावर झाला आणि कधी झाला, हे पहिल्या ओळीत आलंच पाहिजे. आजवर अन्याय करणाऱ्याच्या जागी मी दुसऱ्यांना बसवत आले. रजा नाकारणारे साहेब, 'नखरे आहेत' म्हणणाऱ्या सासवा, वर्षभर नुसत्या दुखण्यावरच्या गोळ्या देत राहिलेले डॉक्टर. लिहिताना पेन कधी अडलं नाही. या वेळी स्वतःला तिथे बसवायचं होतं, तर आधी दोन पानं नुसत्या गमतीच लिहून झाल्या. ती फाडली आणि इथून सुरुवात केली.

मी रत्नागिरीत एका लहानशा संस्थेत काम करते. दोन खोल्या, तीन माणसं आणि पावसाळ्यात कागद ओढायला कुरकुरणारा एक प्रिंटर. काम एकच, ल्युपस नावाचा आजार लोकांना माहीत करून देणं. नाव वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. सगळ्यांच्याच पडते.

वाड्यावाड्यांतून मी तो असा समजावते. तुम्ही राखणीला कुत्रा पाळलात. चांगला राखण करत होता. एक दिवस त्याची ओळखच फिरली. परका कोण, घरचा कोण, ते त्याला कळेनासं झालं आणि तो घरच्यांनाच चावायला लागला. आज आजोबांच्या पायाला, उद्या मुलीच्या हाताला. आपल्या शरीरात रोगांशी लढणारी जी राखण असते, तिचं या आजारात हेच होतं. ती आपल्याच सांध्यांना, कातडीला, रक्ताला, किडनीला चावते. कुत्रा मारून टाकता येत नाही, कारण मग चोराला रान मोकळं. त्याला बांधून ठेवायचं. औषध म्हणजे ती साखळी. आजार मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. शिवल्यानं लागत नाही, उष्ट्यानं लागत नाही, एका ताटात जेवल्यानं लागत नाही. होतो तो बहुतेक करून तरुण बायकांना. आणि बायकांना होतो म्हणूनच, हे माझं स्पष्ट मत आहे, तो इतकी वर्षं आळस, नखरा आणि 'बाहेरचं काहीतरी' या नावांखाली खपून गेला.

हे काम मला आमच्या ताईंनी शिकवलं. संस्था त्यांची. त्यांचे नियम साधे. वाचणाऱ्याच्या एका हातात पिशवी आहे आणि त्याची एसटी यायची आहे, असं धरून लिही. एका वाक्यात एकच गोष्ट सांग. प्रश्न विचारलास तर उत्तर हो किंवा नाही यायला हवं. आणि पत्रकं वाटून झाली की पन्नास पावलं पुढे जा आणि मागे वळून बघ. जमिनीवर किती पडलीत ते तुझ्या लिहिण्याचे गुण.

माझे गुण बरेच दिवस काठावर होते. बाजारात एका सुकी मासळी विकणाऱ्या मावशींनी माझ्याकडून आनंदानं चाळीस पत्रकं मागून घेतली. मी हरखले. दोन तासांनी परत आले तर त्या माझ्या पत्रकांत सोडे बांधून देत होत्या. वर मलाच म्हणाल्या, "कागद चांगला हाय गो तुझा, तेल खात नाय. पुढच्या बाजाराला घेऊन ये." मी रागावले, पण नंतर वाटलं, निदान माझी ओळ कोणाच्या तरी स्वयंपाकघरात पोचली. तेव्हापासून महत्त्वाचं वाक्य आम्ही कागदाच्या मध्यावर छापतो. पुडी बांधली तरी दिसतं.

एका मंडळाचे सेक्रेटरी गणपतीत मुंबईहून आले होते. त्यांच्या कार्यक्रमात दहा मिनिटं बोलायला मिळावं म्हणून मी गेले. त्यांनी पत्रक उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, लोकांना माहीत असलेला आजार घ्या ना. डायबेटिस घ्या. गर्दी होते." मी म्हटलं, "माहीत नाही म्हणूनच तर आलेय." ते म्हणाले, "तेच सांगतोय. माहीत नाही तर येणार कोण?"

आणखी एक आई होती. ती आमच्या ऑफिसच्या मागच्या दारानं आली. मुलीला ल्युपस होता, उपचार चालू होते, मुलगी ठीक होती. "तुमचं काम चांगलं आहे," ती म्हणाली, "फक्त आमच्या वाडीत पत्रकं वाटू नका. स्थळ येतंय. लोकांना आजार कळला की लक्षणं जुळवत बसतील." मी तिच्याशी भांडले. आज भांडले नसते असं नाही, पण आवाज खाली ठेवला असता.

आता लाल फुलपाखराचं सांगते.

ल्युपसमध्ये पुष्कळ जणींच्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर चट्टा उठतो. त्याचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा असतो. आमचं पहिलं रंगीत पत्रक काढायचं ठरलं तेव्हा चित्र मी निवडलं. परदेशातल्या एका गोऱ्यापान बाईचा चेहरा आणि त्यावर लालभडक फुलपाखरू. लांबून दिसायचं. खाली मी ओळ लिहिली होती, 'असं लाल फुलपाखरू तुमच्या गालावर आहे का?' एक वाक्य, एक गोष्ट, उत्तर हो किंवा नाही. त्या दिवशी थांब्यावर वाटलेल्या पत्रकांपैकी एकही जमिनीवर पडलं नाही. मी मोजलं होतं.

सुगंधा तेव्हाच आली. बत्तीस-तेहतीसची असेल. पूर्णगडच्या अलीकडच्या एका वाडीतली. नवरा बोटीवर खलाशी, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. घरी ती आणि सासू. दोघी मासळी वाळवून विकतात. काखेत गौरीसाठी तेरड्याची जुडी होती. तिनं पत्रक घेतलं, चित्राकडे बघितलं, मग पदर सारून गाल माझ्यापुढे केला. दोन्ही गालांवर आणि नाकावर काळपट चट्टा होता.

"ताई, हे तेच काय?"

मी चित्र बघितलं, तिचा गाल बघितला. चित्र लाल. गाल काळा. एसटी वळणावर दिसायला लागली होती.

"छे, हे नाही," मी म्हटलं. "हे वांग आहे. उन्हात मासळी वाळवता ना, त्यानं. पदर घेत जा तोंडावर."

"पण सकाळची बोटं मिटत नाहीत. अंगात कणकण असते. केस पण..."

"सणाचं काम वाढलंय ना, म्हणून." आणि मी एसटीत चढले. खिडकीतून हातही हलवला.

वैद्यक न शिकलेल्या माणसानं निदान करू नये, हा नियम आमच्या भिंतीवर लिहिलेला आहे. अक्षर माझंच. 'डॉक्टरांना दाखवा' एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता? पण ते सोडा. त्याहून वाईट गोष्ट ही, की आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर तो चट्टा लाल दिसेलच असं नसतं. तो तपकिरी दिसतो, जांभळट दिसतो, काळा दिसतो. मी गावोगाव फिरून ज्यांना सावध करत होते, त्यातल्या बहुतेकींच्या गालावर लाल फुलपाखरू दिसणं कठीणच होतं. त्या सगळ्यांना मी छापील कागदावर सांगत होते, तुम्हाला हा आजार नाही.

मार्गशीर्षात एका सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंचा फोन आला. "तुमचं पत्रक उशाशी असलेली एक पेशंट आहे. सुजलीय. लघवीला फेस येतोय. येता का?"

मी गेले. चेहरा ओळखू येत नव्हता. पावलं इतकी सुजली होती की चप्पल बाजूला ठेवलेली. शेजारी सासू बसली होती. उंच, हाडकुळी, नाकात मोठी नथणी. वाडीत तिला सगळे काकी म्हणतात. तिनं सांगितलं, सुगंधाचं दोनदा पोट पडलं तेव्हापासून ही अशीच. थकते, निजते. शेजारणी म्हणायच्या, सून कामचोर. मग एकीनं सांगितलं की दिवस गेले असतील म्हणून पाय सुजले, तर काकींनी महिनाभर तिला डिंकाचे लाडू खाऊ घातले. आजार किडनीपर्यंत पोचला होता.

मी त्या दोघींना तिथेच सांगितलं की थांब्यावर चूक माझी झाली. काकी म्हणाल्या, "ह्या कागदावरची बाई बघून आमी पण म्हटलं, हिला हा रोग नाय. ही कुठं एवढी गोरी."

कोल्हापूरला नेलं. आंबा घाट चढताना ती तीनदा ओकली. तिथे तपासण्या झाल्या, किडनीचा बारीक तुकडा काढून बघितला, आणि औषधं सुरू झाली. त्यात स्टिरॉइड होतं आणि मलेरियावरही देतात अशी एक गोळी होती. काकींचा पहिला प्रश्न, "मलेरिया नाय तर मलेरियाची गोळी कशाला?" मी कुत्र्याची गोष्ट सांगितली, साखळीची सांगितली. डॉक्टरांनी बजावलं, बरं वाटलं तरी गोळी स्वतःहून बंद करायची नाही, एकदम तर नाहीच. दोघींनी माना डोलावल्या. सूज उतरली. पौषात सुगंधा स्वतः फोनवर बोलली, "ताई, आज बोटं मिटली हो."

मी निर्धास्त झाले. नवं पत्रक करायच्या मागे लागले. इथे माझी दुसरी चूक.

शिमगा होऊन पालखी देवळात परत बसली, त्यानंतर मी वाडीत गेले. सुगंधा पडवीत पाय लांब करून बसली होती आणि पाय पुन्हा सुजले होते.

"गोळ्या?"

तिनं आत बघितलं. आतून काकी आल्या. "बंद केल्या. कौल घेतला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लग्न असो, घराचा पाया असो की दुखणं, माणसं ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव पाण्यात बुडवलेले फुलांचे कळे पाषाणाच्या डाव्या-उजव्या अंगांना चिकटवतो आणि वाडीसमक्ष प्रश्न घालतो. उजवीकडचा कळा आधी पडला तर हो, डावीकडचा पडला तर नाही. कौल झाला की तो झाला. मग त्यावर चर्चा नसते.

काकींचं म्हणणं असं की गोळ्यांनी सुनेचं तोंड फुगलं, गोल झालं, रात्रीची झोप गेली. तिला बरं तर वाटत होतं. म्हणजे कुत्रा शहाणा झाला. मग साखळी कशाला? माझीच गोष्ट त्यांनी मला ऐकवली. देवाला विचारलं, गोळ्या थांबवू काय, उजवा पडला. तीन आठवडे झाले.

मी तडक देवळात गेले. डोक्यात पत्रकाचा मथळासुद्धा तयार होता, तो इथे छापण्यासारखा नाही. गुरवकाका गाभाऱ्याबाहेर बसून समया घासत होते. सत्तरीचे, अंगात बनियन, कानाला मोबाईल. मी फोन संपायची वाट बघितली नाही.

"काका, तुम्ही एका आजारी बाईच्या गोळ्या बंद केल्यात."

"मी?" त्यांनी फोन खाली ठेवला. "मी कळे लावतंय. बंद तिच्या सासूनं केल्या."

"कौल तुम्ही दिलात!"

"देव देतो. आणि विचारलंय काय ता बघ की. 'बाईला आता बरं वाटतंय, गोळ्या थांबवू काय?' असं विचारल्यावर कोण नको म्हणंल? तू म्हटली असतीस?"

"मी डॉक्टरांना विचारलं असतं."

"मग तसा प्रश्न घालायला सांगायचंस. तू कुठं होतीस?"

मी ऑफिसात चित्रं निवडत होते. काका समई घासत राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी बीपीची गोळी खातंय. बारा वर्सं झाली. देवाला एकदा पण विचारलं नाय."

"का?"

"डावा पडला तर काय करू?"

मला हसू आलं आणि हसू आल्याचा राग आला. मी म्हटलं, "मग उद्या परत कौल लावा. विचारा, गोळ्या सुरू करायच्या की नाही."

"आणि डावा पडला तर?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "दिलेला कौल फिरवता येत नाय, बाय. नवा प्रश्न घालता येतो. पत्रकं लिहितंस ना तू? मग प्रश्न लिही. जा, रात्रभर लिही, सकाळी घेऊन ये."

मी नास्तिक आहे. हे ठळक अक्षरात लिहायची माझी तयारी आहे. कौल-प्रसादाविरुद्ध मी दोन पत्रकं लिहिली आहेत आणि त्यातला शब्दही मागे घेणार नाही. अशी मी त्या संध्याकाळी देवाला घालायच्या प्रश्नाचे खर्डे करत बसले. हो किंवा नाही उत्तर येणारा प्रश्न माझ्या हातात बसलेला होता, आणि नेमका तोच चालणार नव्हता. कारण 'नाही' आलं असतं तर सुगंधाची किडनी गेली असती. शेवटी मी कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोन केला. विचारलं, "गोळी सकाळच्या न्याहारीनंतर घेतली काय आणि दुपारी जेवून घेतली काय, चालेल का?" ते म्हणाले, "सकाळी घेतलेली बरी. पण मुळात न घेण्यापेक्षा कधीही घेऊ दे. आणि लगेच घेऊन या तिला."

सकाळी देवळात आम्ही चौघं आणि वाडीतले सात-आठ जण होतो. सुगंधाला मी खांबाच्या सावलीत बसवलं. काकांनी माझी चिठ्ठी वाचली, घडी करून कनवटीला लावली आणि कळे चिकटवले. मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं. लांबलचक, मूळपुरुषापासून सुरू करून बोटीवर असलेल्या मुलापर्यंत सगळ्यांची नावं घेत. आणि शेवटी, "ह्या लेकराला डॉक्टरनं गोळी दिलेली हाय. ती सकाळच्या न्याहारीवर घ्यायची असंल तर उजवा दे, दुपारच्या जेवणावर घ्यायची असंल तर डावा दे."

काकींनी मान वर केली. आधी गुरवाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता फुटतात. मी मनात उत्तरं जुळवायला लागले. काकींनी पदर सारखा केला आणि हात जोडले.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाणी निथळत होतं. खरंच सांगते, दोन्हीकडून आमचंच जिंकणं होतं, तरी मी श्वास धरून उभी होते. डावा पडला.

"दुपारचा," काका म्हणाले आणि घंटा वाजवली.

पायऱ्या उतरताना काकींनी माझा दंड धरला. "बाय, मी अडाणी हाय. खुळी नाय."

"काकी, मी..."

"गप. आठ दिवस मी तिचे पाय बघतंय. बोटानं दाबलं की खळगा पडतो, तो भरत नाय. मला काय कळत नसंल? पण कौल मीच मागितलेला, सगळ्यांसमोर. आता देव खोटा म्हणू की मी खोटी म्हणू? परत फिरायला वाट कुठं होती? ती आज मिळाली." दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या. "तू पण तिला त्या थांब्यावरनं घरी पाठवलंस ना? तुझ्या त्या लाल बाईवर भरवसा ठेवून? तुझा पण कौलच होता तो. माझा निदान देवाचा होता."

खोडून काढण्यासारखा एक शब्द त्यात सापडेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोल्हापूरला होतो. डॉक्टरांनी औषधं पुन्हा बसवली, या वेळी जास्त कडक. किडनीचा जो भाग गेला तो गेला, उरलेला सांभाळता येईल, असं ते म्हणाले. मी बाहेर येऊन विचारलं, "गौरीच्या वेळीच आली असती तर?" ते म्हणाले, "असे प्रश्न विचारून मला अडचणीत टाकू नका." म्हणजे उत्तर मिळालं.

ऑफिसात परतल्यावर ताईंनी विचारलं, "तू देवळात कौल लावलास?" मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पुढच्या बाईच्या वेळी देव 'न्याहारी की जेवण' एवढ्यावरच थांबणार नाही. याची सवय लावू नकोस." मग थोड्या वेळानं, "प्रश्न मात्र चांगला लिहिलास." माझ्या सगळ्या नोकरीत मिळालेली ही एकुलती एक शाबासकी, आणि ती मला कोणाला अभिमानानं सांगता येत नाही.

वाटलेली साडेतीनशे पत्रकं आम्ही परत मागवली. जी सापडली ती बंबात घातली. सापडली नाहीत ती अजून कोणाच्या तरी कपाटात आहेत आणि तिथे बसून खोटं सांगताहेत. तुमच्या घरी लाल फुलपाखराचं पत्रक असेल तर आजच फाडा.

सुगंधा आता मासळी वाळवायला सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी जाते, मधलं काम काकी बघतात. 'कामचोर' म्हणणाऱ्या शेजारणीला काकींनी एकदा विहिरीवर जे सुनावलं ते वाडीत अजून सांगतात. डॉक्टर गोळी सकाळी घ्यायला सांगतात आणि सुगंधा दुपारीच घेते. "देवानं दुपार सांगितलीय," म्हणते, आणि माझ्याकडे बघून हसते. तिला मूल हवं आहे. डॉक्टर म्हणतात, आजार बराच काळ शांत राहिला तर बघू. तो शांत राहील की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. मी तर आता काहीच सांगत नाही.

श्रावणात मी तिच्याकडे गेले होते. खूप दिवस जे विचारायचं धाडस होत नव्हतं ते विचारलं, "सुगंधा, त्या दिवशी थांब्यावर माझा राग आला होता का?"

"राग नाही आला," ती म्हणाली. "मी केसांचं सांगत होते. मुठीमुठीनं गळायचे. मग लघवीचं सांगणार होते. तेव्हापासनंच फेस होता. तुम्ही एसटीत चढलात."

लघवीला फेस, म्हणजे किडनीची खूण. ते एक वाक्य मी ऐकून घेतलं असतं, तर चित्र लाल असो की निळं, मी तिला दवाखान्यात पाठवलंच असतं. ऐकायला अर्धं मिनिट लागलं असतं.

म्हणून आता तुमच्याकडे वळते. हा अंक तुम्ही फराळाचं ताट बाजूला ठेवून वाचत असाल. तुमच्या घरात, शेजारी, कामाला येणाऱ्यांत एखादी बाई असेल. सकाळी तिची बोटं आखडतात. उन्हातून आली की तिला कणकण येते. तिच्या गालावर लाल, तपकिरी, काळा, कोणत्याही रंगाचा चट्टा आहे. केस गळताहेत, तोंड येतंय, पाय सुजताहेत. तुम्ही तिला आजवर आळशी म्हणाला असाल, नाजूक म्हणाला असाल. तिच्याकडे जा. 'तुला काय काय होतंय' असं विचारा आणि तिचं बोलणं संपेपर्यंत तोंड उघडू नका. ती थांबल्यावरही 'आणखी काय?' म्हणून विचारा. निदान करू नका, ते तुमचं काम नाही आणि माझंही नाही. या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्या, लघवी आणि रक्त तपासायला लावा, आणि तपासणीचा कागद हातात येईपर्यंत तिच्यासोबत थांबा.

पुढचा लेख नंतर वाचा. आधी उठा.